दातांची खूण

डोळ्यांसमोर आणा, बाळांनो, एक हातमोजा. लाल रबराचा, कोपरापर्यंत येणारा. अंगणातल्या दोरीवर तो उलटा टांगलाय आणि त्याची पाची बोटं खाली लोंबताहेत. तर्जनीच्या टोकाला एक चीर आहे, फार मोठी नाही, तांदळाचा दाणा आडवा जाईल एवढी, आणि त्या चिरेतून थांबून थांबून एकेक थेंब गळतोय. आता असं समजा की हा मोजा तुमचाच आहे, रोज तुम्ही तो घालता, आणि तो फाटलाय हे तुम्हाला आत्ता, या घटकेला कळतंय. एवढं जमलं तर पुढचं सगळं तुम्हाला आपोआप दिसेल.

इम-सुन त्या थेंबाकडे बघत होती. काल दिवसभर मिठाच्या पाण्यातून कोबीचे गड्डे उलटताना आत काहीतरी गार शिरत होतं, आणि तिला वाटलं होतं की वय झालं, बोटं गार पडायचीच. पण मोजाच फाटका होता. म्हणजे काल सकाळपासून ते पाणी — चारशे गड्ड्यांची माती, किडे, मीठ, आणि शेजारी बसून खोकणाऱ्या बायकांनी त्यात जे काही उडवलं असेल ते — सगळं तिच्या नखाखाली जाऊन बसलं होतं. तिनं बोट नाकाशी नेलं. रात्री तीनदा साबणानं धुतलेलं बोट. वास होताच. पोटातून ओळखीची लाट वर आली, घशापाशी थांबली, आणि नेहमीसारखी मुकाट परत गेली.

सदुसष्ट वर्षांची बाई. त्रेचाळीस वर्षं या टेकडीवर लोकांना फुकट जेवू घालणारी. आणि अंगणात उभी राहून स्वतःच्याच बोटाचा वास घेऊन ओकारी दाबतेय...

"मोठ्याबाई, जेवलात का?"

मागून तोक-नाम आली होती, दोन्ही कडेवर मुळ्यांच्या पाट्या घेऊन. वीस वर्षं स्वयंपाक हिच्याच हातचा. टेकडीवर सकाळी कुणी कुणाला भेटलं की हेच विचारतं, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं.

"जेवले," इम-सुन म्हणाली.

"घरी ना?"

"घरी."

"घरीच. माझ्या हाताला जसं काही विष लागलंय," तोक-नाम म्हणाली आणि पाट्या दाणकन खाली ठेवल्या. "तो मोजा फेका. माझ्याकडे जादा जोड आहे."

"चालेल हाच. चिकटपट्टी लावते."

का चालेल, हे तिला मोठ्यानं सांगता आलं नसतं. दुसऱ्याचा मोजा म्हणजे दुसऱ्याच्या हाताचा घाम — बस, एवढंच. इतकं साधं कारण, आणि ते इतक्या वर्षांत एकाही माणसाला सांगितलेलं नाही. मला किळस येते. हे तीन शब्द मी कधी मोठ्यानं उच्चारले नाहीत. म्हाताऱ्यांच्या ओठाला लोंबणाऱ्या शेवयांची येते. ताटाशेजारी काढून ठेवलेल्या कवळीची येते, त्या कवळीच्या हिरडीत अडकलेल्या भाताच्या शिताची येते. कुणी ओला चमचा दुसऱ्याच्या रश्श्यात बुडवला की माझ्या पाठीवर काटा उभा राहतो. म्हणून तर पहिल्या वर्षापासून नियम केला — प्रत्येकाला स्वतंत्र ताट, स्वतंत्र वाटी, आणि ताटात एकदा पडलेलं काही पुन्हा भांड्यात जाणार नाही, कितीही उरो. आजूबाजूला सगळीकडे चारजण एका भांड्यात चमचे बुडवून जेवत असताना या बाईच्या जेवणघरात गरिबाला स्वतंत्र वाटी. लोक म्हणाले, मोठ्याबाई माणसाचा मान ठेवतात. मानपत्रातही तसंच लिहिलं. ते वाचून दाखवताना ती मान खाली घालून उभी होती, आणि लोकांना वाटलं, ही नम्रता.

आज किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, घालायचा दिवस होता. हिवाळाभर टेकडीवरच्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना पुरेल एवढी किमची एका दिवसात घालायची, म्हणजे खालच्या शहरातून महिला मंडळाच्या बायका येणार, गुलाबी ॲप्रन येणार, फोटोवाला येणार. दर वर्षी येतातच. मंडळच कोबी पाठवतं.

आणि आज दासोम येणार होती की नाही, हे मात्र अजून ठरलेलं नव्हतं.

मोज्याला पट्टी लावून इम-सुन गल्लीच्या पायऱ्या चढायला लागली. मधल्या वळणावर भिंतीला अजूनही दोन खिळे होते. मागच्या हिवाळ्यात त्या खिळ्यांवर बॅनर होता, माणसाच्या दुप्पट उंचीचा. त्यावर सात वर्षांची दासोम, समोरचे दोन दात पडलेले, तोंड उघडं, हनुवटीवर लाल मसाल्याचा ओघळ, आणि त्या तोंडात किमचीचा घास घालणारा एक लाल रबरी हात. हाताच्या मागे इम-सुनचं हसू. खाली मोठ्या अक्षरांत 'मायेचा घास'. शाळेला जायचा रस्ता याच गल्लीतून. चार दिवसांत वर्गातली सगळी पोरं दासोमला बघून तोंड वासायला लागली. "आऽ... आऽ..." पाचव्या दिवसापासून दासोम जेवणघरात आली नाही. तिची आजी, यांग-रे, तीही आली नाही. डबा पाठवला तर आजीपुरता उघडला जायचा. पोरगी त्याला हात लावत नाही, शाळेत जेवते ते जेवते, घरी भातावर पाणी ओतून खाते — असं डबा पोचवणारी बाई सांगायची. बॅनर इम-सुननं स्वतः काढायला लावला होता. पण खिळे तसेच राहिले, आणि त्या सगळ्याला आता एक वर्ष होत आलं.

हजारोंना जेवू घातलं असेल. एक पोरगी माझ्या हातचं खात नाही. रात्री आठवतं ते हेच, हजार नाही आठवत.

यांग-रे आजीची खोली म्हणजे चार पावलांची जागा. जमीन मात्र उबदार होती. आजी भिंतीला टेकून बसली होती, आणि दासोम वर्तमानपत्रावर ठेवलेलं भाजकं रताळं सोलत होती. मुलगी उंच झाली होती. समोरचे दोन दात नवे आलेले, इतर दातांच्या मानाने फारच मोठे, दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणून बसवल्यासारखे.

"मोठ्याबाई आल्या. जेवलात का?" आजी म्हणाली.

"जेवले. तुम्ही?"

"हे काय, चाललंय. बसा. रताळं घ्या."

दासोमनं सोललेलं रताळं तोंडाला लावलं, मधोमध चावा घेतला, आणि उरलेला अर्धा भाग आजीच्या पुढे केला. आजीनं तो बघितलाही नाही, नुसतं तोंड उघडलं. दासोमनं घातला. आजी बोळक्या तोंडानं घोळवत राहिली. पोरगी पुन्हा चावली, पुन्हा अर्धं पुढे. ती बोलत होती भलत्याच कशाविषयी, काल गल्लीतल्या मांजरीनं कुणाची मासळी पळवली त्याविषयी, आणि हात आपला चालला होता.

"मोठे तुकडे हिला चावत नाहीत," इम-सुन बघतेय असं दिसल्यावर ती म्हणाली, आणि पुढे मांजरीकडे वळली.

रताळ्याच्या पिवळ्या गरावर दोन मोठ्या दातांच्या स्पष्ट खुणा होत्या, आणि त्या ओल्या होत्या, आणि त्यांच्यावर खिडकीतला उजेड पडला होता... इम-सुननं नजर जमिनीकडे वळवली. पण जमिनीकडे बघून काय होतं? जमीन तर नव्हतीच तिथे. तिथे बंदरामागचा बाजार होता, लढाई नुकतीच थांबलेली, ती स्वतः सात वर्षांची, आणि आईच्या हातात पत्र्याचा डबा. पिंपात काहीतरी रटरटत होतं. परदेशी शिपायांच्या भटारखान्यातून उष्टं यायचं, ते पुन्हा उकळायचं आणि मापानं विकायचं. लोक त्याला डुकरपेज म्हणत. त्यात सिगारेटची थोटकं निघत, दात कोरायच्या काड्या निघत, ते सगळं आई बोटानं काढून फेकायची आणि डबा पुढे सरकवायची. त्या दिवशी तिच्या वाट्याला मांसाचा तुकडा आला. गुलाबी, चौकोनी, अंगठ्याएवढा. त्याच्या एका कडेला दातांची खूण. चार दात, मोठे, सारखे, निरोगी. कुणीतरी चावला होता, आणि पोट भरलं होतं म्हणून परत टाकला होता. तिनं आईकडे बघितलं.

"बघू नकोस," आई म्हणाली. "गीळ."

तिनं गिळला. आणि पुढचं तिनं आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, मानपत्रवाल्यांनी "या कामाची प्रेरणा काय" असं विचारलं तेव्हाही सांगितलं नाही... तो तुकडा चांगला लागला होता. इतका चांगला, की तिनं डब्याच्या तळाशी आणखी एक शोधला होता.

"मोठ्याबाई?" यांग-रे आजी विचारत होती. "बरं नाही का वाटत?"

"काही नाही. आज किमची आहे. दासोमला पाठवाल का? तुम्हीही या."

 दासोम रताळ्याची सालं एकात एक घालत बसली.

"माझे गुडघे नाही चढत-उतरत आता," आजी म्हणाली. "हिचं हिला विचारा. पण तो फोटोवाला..."

"दासोमचा फोटो निघणार नाही. मी शब्द देते."

"शब्द," आजी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "तेव्हा मला वाटलं होतं, पेपरात एवढंसं येईल. बोटाएवढं. तुम्ही तर हिला भिंतीएवढी केलीत."

इम-सुननं मान डोलावली.  दासोमनं सालांची चळत उचलून कोपऱ्यातल्या पिशवीत टाकली, जाकीट घातलं आणि दाराशी जाऊन बूट चढवायला लागली.

"कालवं आहेत का?" तिनं विचारलं.

"आहेत."

"मग येते."

अंगणात एव्हाना ओळीनं लाल घमेली मांडली होती, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बायका उकिडव्या बसल्या होत्या. मुळ्याचा कीस, तिखट, लसूण, आंबवलेला जवळा, सगळं एकत्र कालवलेला तो लाल चिखल, त्याचा तो वास. तो नाकातून नाही, डोळ्यांतून आत जातो. जवळ्याची बरणी नुकतीच उघडली होती. हजारो काळे डोळे, टाचणीच्या टोकाएवढे, राखाडी पाण्यात. तोक-नामनं त्यात उघडा हात घालून मूठभर जवळा बाहेर काढला, आणि तिच्या मनगटावरून ओघळ कोपराकडे गेला. इम-सुननं श्वास धरला. श्वास धरून काम करायची तिला सवय होती. दहा आकडे मोजायचे, तोंड बाजूला करून हवा घ्यायची, पुन्हा दहा. त्रेचाळीस वर्षं. कधीकधी तिला वाटायचं, पुण्य म्हणतात ते हेच असेल, दहा दहा आकड्यांचं.

दासोम तिच्या शेजारी येऊन बसली. मोजे मोठे होतात म्हणून तिनं घेतले नाहीत. कोबीचं एकेक पान उचलायचं, आत मसाला सारायचा, पुन्हा खालचं पान... तिचा हात छान चालत होता. पट्टी लावलेल्या चिरेतून इम-सुनच्या मोज्यात तिखट शिरायला लागलं होतं, तर्जनी आधी कोमट झाली, मग झोंबायला लागली. तिनं मोजा काढला नाही.

खूप वेळानं, आसपासच्या बायका कुणाच्या तरी सुनेविषयी बोलण्यात रंगल्यात असं बघून, तिनं हळूच विचारलं, "शाळेत अजून चिडवतात का गं?"

"कशावरून?"

"ते... आऽ करून."

"छे. ते केव्हाच संपलं. आता मिन-गूला चिडवतात. तो प्रार्थनेच्या वेळी पादला."

"अस्सं." इम-सुननं एक पान उचललं, मसाला सारला. "कधी संपलं ते?"

"गेल्या हिवाळ्यातच. सुट्टी लागली ना, मग सगळे विसरले."

हात थांबला. म्हणजे वर्षभर जे कारण धरून ती रात्री जागत होती, ते कारण दोन महिन्यांत निघून गेलं होतं. आणि तरी...

"मग तू जेवायला का येत नव्हतीस?"

दासोमनं हातातला गड्डा पूर्ण केला, बाहेरचं पान त्याच्याभोवती गुंडाळलं, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं, आणि डब्यात ठेवला. मग तिनं इम-सुनकडे तोंड वळवलं.

"तुम्ही असं केलं होतं," ती म्हणाली.

आणि तिनं करून दाखवलं. नाकपुड्या आत ओढल्या. वरचा ओठ एका बाजूनं जरासा उचलला, इतका जरासा की कुणाला दिसू नये. मान मागे नाही नेली, फक्त मानेच्या आतलं काहीतरी मागे नेलं. आठ वर्षांच्या चेहऱ्यावर सदुसष्ट वर्षांचा चेहरा उमटला, क्षणभर, आणि पुसला गेला.

"मला भरवताना. फोटोवाला म्हणाला थांबा, अजून काढतो, तेव्हा. मग त्यानं काढला तेव्हा तुम्ही हसलात."

घमेल्यातला लाल चिखल तसाच होता. बायका हसत होत्या, कुणाची तरी सून भात करपवत होती. इम-सुनला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं, आणि जे जे शब्द जिभेवर आले ते सगळे बॅनरवरचे होते.

"आजीला सांगितलंस?"

"नाही. ती रडली असती." दासोमनं नवा गड्डा ओढला. "माझ्या नाकातून शेंबूड येत होता ना तेव्हा?"

खोटं बोलता आलं असतं. नाही गं बाळा, म्हणता आलं असतं.

"हो," इम-सुन म्हणाली. "आणि तुझ्या हनुवटीवर लाळ होती."

"मग बरोबर आहे," दासोम म्हणाली. "मला पण शेंबडाची किळस येते." आणि ती पुन्हा पान उचलायला लागली.

बरोबर आहे. कुणीतरी म्हटलं... त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. काही विचारलं नाही, क्षमा केली नाही, नुसतं बरोबर आहे म्हटलं, गणिताचं उत्तर जुळल्यावर म्हणावं तसं. पण ते हसू? ते तर जुळत नाही. किळस आली ती बरोबर, मग हसलीस ती का? एवढंच त्या पोरीचं म्हणणं होतं, आणि ते तिनं म्हटलंही नव्हतं. भिंतीएवढं केलं ते तोंड नाही. भिंतीएवढं केलं ते माझं हसू...

फाटकाशी गाडी थांबली. अध्यक्षाबाई आल्या. गुलाबी ॲप्रनच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या, गळ्यात मोती, आणि अंगाला कसल्यातरी फुलांचा वास, जो जवळ्याच्या वासात मिसळल्यावर जवळ्याहून वाईट झाला. मागे मंडळाचा फोटोवाला, केस पिकलेला, कंटाळलेला माणूस. त्यानं येताच उजेड कुठून येतोय ते बघितलं.

"अय्या, हीच ना ती आपली बॅनरवाली?" अध्यक्षाबाई दासोमपुढे वाकल्या. "केवढी झाली गं. दात पण आले. ये, इकडे ये उजेडात." त्यांनी कोबीचं आतलं पिवळं पान तोडलं, त्यात मसाला घातला, वर शिंपल्यातून काढलेलं एक कालव ठेवलं. किमची घालताना पहिला ताजा घास असा दुसऱ्याच्या तोंडात हातानं घालायचा, आणि त्याला नाही म्हणायचं नसतं. टेकडीवर काय आणि खाली शहरात काय, नाही कुणी म्हणतच नाही. "चल, आऽ कर."

दासोमनं ओठ आत ओढले. तोंडाच्या जागी नुसती एक रेघ राहिली.

"लाजतेय," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "आऽ कर ना, राणी. काका थांबलेत."

"नको," इम-सुन म्हणाली. उठताना तिचे गुडघे कडकडले. "तिचा फोटो नको. मी शब्द दिलाय तिच्या आजीला."

"अहो मोठ्याबाई..." अध्यक्षाबाईंनी आवाज उतरवला, घरातल्या माणसाशी बोलावं तसा. "तुम्हाला का मी हे सांगायचं? पुढच्या वर्षीचा कोबी ह्या फोटोवरच येतो ना? नुसते डबे आणि गड्डे कोण बघतं? एक उघडं तोंड लागतं. कुणाचं तरी."

"तर मोठ्याबाईंचंच घ्या की," तोक-नाम घमेल्यावरून न उठताच म्हणाली. "वीस वर्षं मी इथे रांधतेय. ह्यांना जेवताना मी पाहिलं नाही, कुणी पाहिलं असेल तर हात वर करा."

बायका हसल्या. एकीनं खरंच इकडे तिकडे बघितलं, कुणी हात वर करतंय का म्हणून. मग एकेक हसू थांबलं, कारण हात कुणीच वर केला नव्हता. आठ-दहा वर्षं येणाऱ्या बायका होत्या तिथे. त्या इम-सुनकडे बघायला लागल्या, आणि त्यांच्या बघण्यात आधी नसलेलं काहीतरी आलं.

"म्हणजे खरंच की काय?" एक म्हणाली.

"घरी जेवून येतात त्या," दुसरी म्हणाली. पण पटल्यासारखी नाही.

तोक-नामनं मान खाली घातली. ती गंमत म्हणून बोलली होती, निदान अर्धी.

अध्यक्षाबाईंचा चेहरा मात्र उजळला. "किती छान. ज्या हातांनी आयुष्यभर भरवलं, त्यांना आज कुणीतरी भरवतंय. काका, हाच घ्या. मोठ्याबाई, या अशा, उजेडाकडे तोंड करा." आणि त्यांनी तो हातातला घास तिच्याकडे वळवला. मोज्यावर, गळ्यातले मोती चाचपल्यामुळे, कसली तरी पावडर लागली होती. कालव पानाच्या कडेवरून अर्धं खाली लोंबत होतं, राखाडी, काळ्या झालरीचं, कुणाच्यातरी घशातून सुटून आल्यासारखं.

पळून जावं. काहीतरी सांगावं, दात दुखतोय, पोट बिघडलंय. दर वर्षी काही ना काही सांगितलंच आहे, दोन्ही हात कामात गुंतवून ठेवलेच आहेत. भरवणाऱ्याला कुणी भरवायला येत नाही, ही केवढी सोय होती, केवढी मोठी भिंत, आणि तिच्यामागे मी त्रेचाळीस वर्षं कशी सुखानं...

"मी भरवते," दासोम म्हणाली.

ती मध्ये येऊन उभी राहिली होती. अध्यक्षाबाई "अगंबाई, हे तर आणखीच छान" म्हणून बाजूला सरल्या. फोटोवाल्यानं पुढे काही विचारलं, बहुधा मुलगी चौकटीत घेऊ का, आणि इम-सुननं "हात फक्त" असं सांगितल्याचं तिला अस्पष्ट ऐकू आलं, स्वतःच्याच आवाजात. पोरगी घमेल्यापाशी वाकली. थंडीनं तिचं नाक गळत होतं, ते तिनं मनगटानं पुसलं. मग त्याच हातानं सगळ्यात आतलं, सगळ्यात पिवळं पान निवडलं, मूठभर मसाला घातला, कालवांच्या वाटीत बोटं फिरवून सगळ्यात मोठं कालव शोधलं, पान गुंडाळलं, गच्च दाबलं. अंगठ्यावर आलेला रस चाटून टाकला. घास तिच्या मुठीएवढा झाला होता.

"आऽ करा," ती म्हणाली.

इम-सुननं तोंड उघडलं.

आणि मग तिला जाणवलं, पोरगी तोंडाकडे बघतच नाहीये. ती नाकपुड्यांकडे बघतेय. वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघतेय. शांतपणे, सगळं लक्ष लावून, फळ्यावरचं गणित बघावं तसं. चेहरा आवर, इम-सुनच्या आतलं कुणीतरी म्हणालं, हास, दहा मोज... एक, दोन, तीन. मोज्यातलं बोट आगीसारखं जळत होतं. कॅमेरा वर गेला होता. चार, पाच... आणि पाचाच्या पुढचा आकडा आलाच नाही. आला तो वास, ओला, समुद्राचा आणि लसणाचा आणि लहान मुलाच्या हाताचा. नाकपुड्या आत गेल्या. ओठ उचलला गेला. तिनं तो उचलू दिला. इतकी वर्षं जी लाट घशापर्यंत येऊन परत जात होती तिला आज तिनं परत पाठवलं नाही, ती चेहऱ्यावर येऊन पसरली, सगळ्यांच्या देखत, उजेडात, आणि तोंड तरीही उघडंच राहिलं. हसू कुठेच नव्हतं. किती हलकं वाटतं हे, चेहऱ्यावर एका वेळी एकच गोष्ट असणं...

"मोठ्याबाई, जरा हसा ना," अध्यक्षाबाई कुठून तरी लांबून म्हणाल्या.

दासोमचे डोळे तिच्या ओठावरून हलले. ते आता उघड्या तोंडात गेले, मागच्या दाढा नसलेल्या जागेत, एका बाजूच्या सोन्याच्या दातावर. मग ते हातातल्या घासाकडे आले. पुन्हा तोंडाकडे. तिच्या कपाळावर आठी पडली, घरच्या कामात पडते तसली, ज्यात राग नसतो. आणि इम-सुनला ती आठी ओळखीची वाटली, सकाळीच कुठेतरी पाहिलेली, उबदार जमिनीवर, वर्तमानपत्रापाशी... तिच्या जिभेखाली पाणी सुटलं. किळसेचं पाणी आणि भुकेचं पाणी एकाच जागेतून सुटतं. हे तिला साठ वर्षांपासून माहीत होतं, बंदरामागच्या त्या बाजारापासून, आणि आत्ता यातलं कुठलं सुटलंय ते तिला सांगता आलं नसतं.

दासोमनं घास मागे घेतला, स्वतःच्या तोंडाला लावला, त्या दोन मोठ्या नव्या दातांनी मधोमध चावला, आणि आपला अर्धा चावता चावताच, टाचा उंचावून, दातांची ओली खूण असलेला उरलेला अर्धा पुन्हा इम-सुनच्या तोंडापाशी धरला.